ओठांवर प्रार्थना आणि मन कोरडं: याला ढोंग म्हणायचं का?

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न मी सावकाश वाचला. हे उत्तर आणखी कुणी वाचेल, म्हणून तो आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महिला मंडळाच्या सेक्रेटरी आहात. सासरे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडील (एल्डर) होते, घराला मान आहे. घरोघरच्या प्रार्थनासभेत तुम्ही प्रार्थना केली की बायका पदरानं डोळे पुसतात. पण गेलं वर्षभर तुम्हाला स्वतःला आतून काहीच होत नाही. घरी पवित्र शास्त्र उघडलं जात नाही. तोंड प्रार्थना करतं आणि मन घरखर्चाच्या हिशोबात असतं. तुम्ही विचारलंय, "मी ढोंगी आहे का? मनापासून होईपर्यंत मंडळाचं काम सोडू का? प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेणं थांबवू का?" आणि अगदी शेवटी एक ओळ आहे: "घराच्या वाटणीवरून थोरल्या जाऊबाईंशी दीड वर्ष बोलणं नाही, पण तो विषय वेगळा."

मी पाळक म्हणून खेड्यातल्या आणि शहरातल्या मंडळ्यांत उभं आयुष्य काढलं. लोक भेटायला येतात, तासभर बोलतात आणि खरी गोष्ट उठून चपला घालताना सांगतात. तुमची शेवटची ओळ मला तशी वाटली. तो विषय वेगळा नाही. पण तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात, त्या आधी सोडवायला हव्यात, कारण दोन्हींवरचा उपाय एक नाही. एक आहे मनाचा कोरडेपणा, दुसरा आहे अबोला. तुम्ही स्वतःला दोष देताय कोरडेपणाबद्दल, आणि माझ्या मते तो दोष तिथं लागत नाही.

कोरडेपणा म्हणजे ढोंग नव्हे. स्तोत्रसंहिता उघडून ८८ वं स्तोत्र वाचा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. आणि ते कुणी एकट्यानं कोपऱ्यात म्हणायचं म्हणून लिहिलेलं नाही. वर कोरहाच्या मुलांचं नाव आहे, मुख्य गवयाचा उल्लेख आहे. देवाच्या लोकांनी ते एकत्र गायलं. गाणाऱ्या प्रत्येकाचं मन त्या दिवशी भरून आलेलं होतं असं कोण म्हणेल? मार्कच्या ९ व्या अध्यायातला तो बाप आठवा, ज्याचा मुलगा आजारी होता. "मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवा," असं त्यानं एका दमात म्हटलं. येशूनं त्याला आधी पूर्ण विश्वास घेऊन ये असं सांगितलं नाही. मुलाला बरं केलं.

मग प्रभू ढोंगी कुणाला म्हणाला? मत्तयचा ६ वा आणि २३ वा अध्याय एकापाठोपाठ वाचा. दान देताना कर्णा वाजवणारे, चौकात उभं राहून प्रार्थना करणारे, उपास दिसावा म्हणून तोंड उतरवून फिरणारे. पुढं पुदिना, शेप, जिरं यांचाही दशांश मोजून देणारे, पण न्याय, दया, विश्वासूपणा सोडून देणारे. मार्क १२ मध्ये तर स्पष्टच आहे: हे लोक विधवांची घरं गिळतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. लगेच पुढच्याच प्रसंगात दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणारी गरीब विधवा येते. या सगळ्यात मला एक धागा दिसतो. बाहेरचं रूप वापरून कुणाचं तरी काहीतरी दडपलं जातंय. तिथं ढोंग आहे. प्रेषितांच्या कृत्यांतल्या हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोची गोष्टही तीच. पेत्रानं हनन्याला सांगितलं, जमीन तुझी होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. म्हणजे सगळं दे अशी सक्ती कुणी केली नव्हती. काही भाग आणून तो सगळा म्हणून दाखवला, हा अपराध.

म्हणून मी कुणाच्या भक्तीची खोली मोजत बसत नाही, ते माझं कामही नाही. मी एवढंच विचारतो: तुमच्या भक्तीच्या आड कुणी माणूस झाकला जातोय का?

आपल्याकडच्या हंगामाच्या सणाचंच उदाहरण घ्या. उपासना संपली की वेदीपुढं आणलेल्या जिनसांचा लिलाव. कोंबडी, पेंडीभर मेथी, घरचे लाडू, पहिल्या बाजरीची कणसं. पन्नास रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, बोली वाढते तसे टाळ्या पडतात, आणि पोरं भोपळ्याभोवती नाचतात. मला हा लिलाव मनापासून आवडतो. त्यात देखावा आहे म्हणून तो बंद करा म्हणणारे मला भेटलेत, मी त्यांच्याशी सहमत नाही. मोठ्यानं बोली लावणं हे पाप नाही. पण एका वर्षी सगळ्यात मोठी बोली ज्यांनी लावली, त्यांच्या शेतात कांदा काढलेल्या बाईची मजुरी तीन आठवडे थकलेली होती आणि ती बाई त्याच मंडळीत मागच्या चटईवर बसली होती. याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं म्हटलंय. टाळ्यांच्या आवाजात तेवढं एकच ऐकू येत नव्हतं. मी त्या गृहस्थांना लिलावाबद्दल एक शब्द बोललो नाही. मजुरीबद्दल बोललो.

आता तुम्ही घाबरलाय ती गोष्ट, म्हणजे "आत काही नसताना बाहेर सेवा चालू आहे." पंडिता रमाबाईंची साक्ष मी अशा लोकांना नेहमी सांगतो. बाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला आलं. आणि त्याच बाई पुढं उघडपणे लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. विचार करा, एवढ्या विदुषीनं, जगभर नाव झालेल्या बाईनं हे लिहावं! पण त्या आठ वर्षांत शारदा सदनात आलेल्या बालविधवांना मिळालेला आसरा खोटा होता का? शिक्षण खोटं होतं का? बाईंनी काम थांबवून आधी मन तपासू असं केलं नाही. काम चालू राहिलं, शोधही चालू राहिला, आणि नंतर केडगावचं मुक्ती सदन आणि संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर त्याच हातांतून झालं.

रमाबाईंच्या त्या कबुलीतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट ही की ती बाप्तिस्म्यानंतरच्या काळाबद्दलची आहे. आपल्या सभांमधल्या साक्षी आठवा. जवळजवळ सगळ्या भूतकाळातल्या. "मी पूर्वी दारू पीत होतो, पूर्वी मारहाण करत होतो, मग प्रभूनं मला स्पर्श केला." या साक्षी खऱ्या असतात, त्यांनी माणसं उभी राहतात. पण "प्रभूचा झाल्यावरही आज माझं असं चाललंय" हे म्हणायला आपल्या उपासनेत जागाच उरलेली नाही. मग तुमच्यासारखी बाई एकटी पडते. तिला वाटतं, बाकी सगळ्यांचं आतलं भरलेलं आहे, रिकामी मीच. वसईत किंवा गोव्यात कॅथलिक बहीण निदान पुरोहितापुढं पापनिवेदनाला जाते. कोकणीत त्याला कुमसार म्हणतात. आपण प्रॉटेस्टंटांनी तो संस्कार ठेवला नाही, पण याकोबाच्या पत्रातली "एकमेकांजवळ आपली पातकं कबूल करा" ही आज्ञा आपल्याही बायबलात आहे. तिचं आपण काय केलं, याचा विचार आपल्या मंडळ्यांनी करायला हवा.

इथं काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. वर्षभरात घरात मृत्यू झाला आहे का? झोप लागते का, जेवण जातं का? चाळिशीनंतर बाईच्या शरीरात जे बदल होतात त्यांनीही मन सुन्न होतं. फक्त प्रार्थनाच नाही तर मुलांचं हसणं, आवडीचं गाणं, काहीच पोचत नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही. एलीया संदेष्टा झाडाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. उठवलं, भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं.

आणि दुसरी गोष्ट, मंडळाचं काम सोडण्याची. तुमच्या हातात मंडळाचा पैसा असता आणि हिशोबात गडबड असती, तर मी म्हटलं असतं, आज पद सोडा, हिशोब द्या, भरपाई करा. तुमच्या सेवेमुळं कुणाचं नुकसान होत असतं तरी तेच म्हटलं असतं. पण मन लागत नाही म्हणून सोडू नका. सोडल्यावर काय होतं ते मी पाहिलंय. पहिला महिना हलकं वाटतं. मग "मी निदान देखावा तरी करत नाही" हे म्हणण्यात माणूस रमतो, आणि तोही दाखवायचा एक चेहराच होऊन बसतो. लूकच्या १८ व्या अध्यायातला जकातदार दूर उभा राहिला, छाती पिटत राहिला, पण तो मंदिरात आला होता.

प्रभुभोजनाचं मात्र मी असं झटकन उत्तर देणार नाही, कारण इथं तुमची ती शेवटची ओळ आडवी येते.

करिंथकरांस पहिल्या पत्रातला ११ वा अध्याय आपण प्रभुभोजनाच्या आधी वाचतो. "अयोग्य रीतीनं" खाण्यापिण्याबद्दलचा इशारा ऐकून भक्त माणसं घाबरतात, आपलं मन पुरेसं पवित्र आहे का म्हणून चाचपडतात. पण पत्र लिहिणारा पौल तिथं कशावर चिडलाय ते वरच्या ओळींत आहे. करिंथच्या मंडळीत ज्यांच्याकडं होतं ते आधी जेवून घेत आणि ज्यांच्याकडं नव्हतं ते उपाशी राहत. एकाच प्रभूच्या मेजावर बसून भावाला लाजवत होते. पौलाचा राग भावनेच्या कमतरतेवर नव्हता, शेजारी बसलेल्या माणसाला न ओळखण्यावर होता. आणि उपाय म्हणून तो माणसाला मेजापासून दूर ठेवत नाही. स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं, असं सांगतो.

तुम्ही आणि तुमच्या जाऊबाई एकाच मंडळीत आहात, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. म्हणजे महिन्याच्या प्रभुभोजनाला एकीनं डावीकडून जायचं, एकीनं उजवीकडून. पाळकांनी शांतीचं अभिवादन करायला सांगितलं की तुम्ही मागच्या बाकाकडं वळायचं आणि त्यांनी पुढच्या. सगळ्या गावाला माहीत असतं, कुणी बोलत नाही. आणि त्याच संध्याकाळी तुमच्या प्रार्थनेत "प्रीती", "एकमेकांचा भार" हे शब्द येतात. ताई, मला वाटतं तुमचं मन कोरडं पडलेलं नाही. ते तुम्हाला ते शब्द उच्चारू द्यायला तयार नाही. त्याला मी ढोंगाची खूण मानत नाही. तुमची सदसद्विवेकबुद्धी जागी असल्याची ती खूण आहे.

माझा अंदाज चुकीचाही असेल. पण असे अबोले मी पुष्कळ पाहिलेत आणि त्यांचा प्रार्थनेशी संबंध नाही असं क्वचितच निघालं.

एका गावात दोन सख्खे भाऊ होते, बांधावरून भांडण. धाकटा उपासनेत पेटी वाजवायचा. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं तो अशी वाजवायचा की ऐकत राहावं, आणि त्याच वेळी दुसऱ्या रांगेतल्या थोरल्या भावाकडं एकदाही मान वळवायची नाही. तो माझ्याकडं तुमचाच प्रश्न घेऊन आला: पेटी सोडू का? मी म्हटलं, पेटी राहू दे, थोरल्याकडं जाऊन ये. तो म्हणाला, मनात क्षमा आली की जातो. मी म्हटलं, मनात यायची वाट बघू नकोस. पुढं थोरल्याची म्हैस अडली, वासरू आडवं आलं होतं, तेव्हा हा रात्री गोठ्यात गेला. जाताना मनात रागाशिवाय काही नव्हतं, हे त्यानंच मला सांगितलं. दोघं कंदील घेऊन पहाटेपर्यंत बसले. क्षमा हा शब्द दोघांनीही उच्चारला नाही. नंतर त्यांनी सरकारी मोजणी आणली, बांधाची खूण ठरली, आणि ती धाकट्याच्या मनासारखी ठरली नाही. तरी त्यानं ती मान्य केली. पेटी तो अजून वाजवतो.

आधी मन बदलावं आणि मग पाऊल उचलावं, असा आपला समज असतो. माझ्या पाहण्यात बऱ्याचदा उलट झालं. पाऊल आधी पडलं, मन मागून आलं, कधी बरंच मागून. मत्तयच्या ५ व्या अध्यायात प्रभू म्हणतो, दान वेदीपुढं आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान दे. दान घेऊन घरी जा असं तो म्हणत नाही. परत येऊन द्यायचंच आहे.

तेव्हा जाऊबाईंकडं जा. कसं जायचं ते सांगतो, कारण इथंच लोक घोटाळा करतात. मध्यस्थ पाठवू नका, पाळकांनाही नाही. मोबाईलवर लांबलचक मेसेज लिहू नका आणि बायबलमधलं वचन तर मुळीच पाठवू नका; भांडणात आलेलं वचन समोरच्याला दगडासारखं लागतं. चर्चच्या आवारात, चार बायकांसमोर तर नकोच, कारण तिथं पुन्हा बघणारे आले. एखाद्या साध्या दिवशी, साध्या निमित्तानं घरी जा. वाटणीचा विषय काढू नका. उतारा, नोंदी, हिस्सा हे तहसीलात आणि वकिलाकडं जे व्हायचं ते होईल. हक्क सोडून द्या असं मी म्हणत नाही आणि समेट म्हणजे सही करून देणं नव्हे. तुमच्याकडून जे बोलणं, वागणं चुकलं तेवढंच सांगा, आणि "पण तुम्हीही" हे शब्द ओठावर आले तर गिळा. चहा दिला तर प्या.

त्यांनी दार उघडलं नाही तर परत या. रोमकरांस पत्रात पौलानं मोठ्या समजुतीनं लिहिलंय: साधेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांबरोबर शांतीनं राहा. "साधेल तर" हे त्यानं उगाच घातलेलं नाही. तुमच्या बाजूचं झालं की निश्चिंत मनानं प्रभुभोजनाला जा. आणि इथं एक महत्त्वाची अट आहे. त्या घरात तुमच्यावर हात उचलला गेला असेल, धमक्या असतील, सह्या फसवून घेतल्या असतील, तर एकट्या जाऊ नका. तेव्हा दूर राहणं हा अबोला ठरत नाही, स्वतःला सांभाळणं ठरतं, आणि त्यासाठी प्रभुभोजन सोडायची काही गरज नाही. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही म्हणून मी वरचं लिहिलं.

दुसरं काम, हे सगळं कुणा एकीला सांगा. महिला मंडळात उभं राहून नको, तिथं सांगितलं की त्याचीही वाहवा होते, "किती नम्र आहे बाई." एखादी वयानं मोठी, नात्यातली नसलेली, पोटात गोष्ट राहणारी बाई शोधा. पाळकीणबाई चालतील का, हे तुमच्या गावचं तुम्हाला ठाऊक. तिनं सल्ला द्यावा अशी अपेक्षा नको. तुमच्याबद्दल खरं काय आहे ते देवाखेरीज एका माणसाला माहीत असणं, एवढ्यानंच खांद्यावरचं बरंच ओझं उतरतं. तुमची खरी दमणूक त्या न मिळवलेल्या कौतुकाची आहे, असं मला तुमचं पत्र वाचताना वाटत होतं.

तिसरं, एखादी गोष्ट अशी करा जी कुणालाच कळणार नाही. मत्तय ६ मध्ये दान, प्रार्थना, उपास या तिन्हींबद्दल प्रभू एकच सांगतो, गुप्तपणे करा, तुमचा पिता गुप्तपणे पाहतो. एखाद्या मुलीची फी भरा, पावती तिच्याच आईच्या नावानं करा. नवऱ्यालाही सांगू नका. घरखर्चातनं जात असेल तर मात्र त्याला सांगणं भाग आहे, तिथं लपवाछपवी नको. त्याच मत्तयच्या ५ व्या अध्यायात "तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या" असंही आहे, आणि ते खोडून टाकायचं नाही. मंडळात जे दिसतं ते दिसू द्या. सोबत न दिसणारं काहीतरी असलं की दिसणाऱ्याचा मोह कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

रोजच्या शास्त्रवाचनाचं ओझं सध्या घेऊ नका. एक स्तोत्र, तेही पुरतं वाचवलं नाही तर अर्धं. काही वाटलं नाही तरी चालेल. ५१ वं स्तोत्र ओळखीचं आहे, तिथून सुरू करा आणि मग ८८ वर या.

राहिली मंडळातली प्रार्थना. पुढच्या प्रार्थनासभेत तुमचं नाव पुकारतील तेव्हा नाही म्हणू नका, पण लांब प्रार्थना करू नका. जे तुम्ही स्वतः देवाला खरोखर मागाल तेवढंच मागा. ज्या घरी सभा आहे त्या घरातल्या आजारी माणसाचं नाव घ्या, त्याला काय दुखतंय ते म्हणा, बरं कर म्हणा, आमेन म्हणा. दोन-तीन वाक्यांत संपेल. बायकांना चुकल्यासारखं वाटेल, कुणीतरी विचारेलही, "आज एवढ्यातच?" हो म्हणा आणि चहाचे कप उचलायला लागा. जाऊबाईंकडं जाऊन आलात की मला लिहा. दार उघडलं नाही तरी लिहा, त्यापुढं काय करायचं ते मग बोलू.